प्रार्थना सुचत नाही

प्रिय बाबा,
प्रभूच्या नावाने सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

इथे मिशनच्या दवाखान्यात तापाची साथ हटत नाही. काल एका बाईचं तान्हं बाळ माझ्या मांडीवरच गेलं. मी प्रार्थना सुरू केली, तशी ती ओरडली, "पुरे! तुमच्या देवाला ऐकू येत नाही."

मी पाणी तापवलं. मग आम्ही दोघींनी मिळून बाळाला आंघोळ घातली.

आज तिची थोरली मुलगी तापाने फणफणली आहे. त्याच बाईने माझा हात धरला, "सिस्टर, आता करा ना प्रार्थना." आणि बाबा, माझ्या तोंडून शब्दच फुटेना.

आईला हे वाचून दाखवू नका. तुम्ही मात्र त्या पोरीसाठी प्रार्थना करा. पत्र पोचेपर्यंत उशीर झालेला असेल, तरी करा.

तुमची लेक