रौप्यमहोत्सवाची विहीर

केज, ५ ऑगस्ट १९७२

ती. सौ. वच्छलाआक्कास गहिनीनाथचा सा. न. वि. वि.

हे पत्र वाहेदभाई फळवाल्याच्या हाती देतोय. तुमच्या चिंचखोरीचं टपाल सोसायटीच्या हपिसात फुटतं, आणि तिथं आधी कोण वाचतं हे तुला ठाऊक आहे. वाचून झालं की चुलीत घाल.

यंदा स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. वरून हुकूम आहे की गावोगाव आनंद दिसला पाहिजे. चेअरमन सुंदररावांनी कळवून टाकलंय की चिंचखोरीत सहकारी विहिरीचं जलपूजन होईल. आक्का, त्या कोरड्या विहिरीला कागदावर कधीच पाणी लागलंय! आदल्या दिवशी तिच्यात टँकर ओतणार, पंधराला पाहुणे नारळ फोडणार, आणि त्यांची जीप वळली की इंजिन लावून तेच पाणी सुंदररावांच्या मोसंबीला. पत्रिका मीच लिहिल्या. माझी सोसायटीच्या इथल्या हपिसातली नोकरी आणि तुझं तोंड तिखट; एवढं पोटात ठेव.

लेकराची, भारतची, हगवण थांबली का? दाजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा गहिनीनाथ


चिंचखोरी, ९ ऑगस्ट

चि. गहिनीनाथास आक्काचे अ. उ. आ.

अरे भित्र्या, पत्र चुलीत घातलं. पण चुलीवर ठिवायला पाणी न्हाई त्याचं काय? झिऱ्यातलं गढूळ पिऊन भारत लई हडकलाय, डोळे आत गेलेत. शेजारच्या गीताबाईची पोर परवा ह्याच पाण्यानं गेली. तवापासून मी लेकराच्या अंगावरचा हात काढत न्हाई.

काल दवंडी झाली. घरटी एक माणूस झेंड्याला, न्हाईतर दुष्काळी कामावरचं नाव कापू. तुझे दाजी खडी फोडून आले अन् ते ऐकून झेंड्यासाठी सदरा झटकून खुंटीला लावला. केसरबाई म्हातारी म्हणाली की निजामाचाबी असाच महोत्सव झालता, तवाबी टाळ्या वाजवून घेतल्या अन् घशाला कोरड तशीच. सण आपला असता तर दवंडी कशाला पिटली असती, म्हणती. तिचा राग झेंड्यावर न्हाई, दवंडीवर हाय.

ओवाळायला मला नेमलंय. पूजा झाली की पाहुण्याच्या हातानं पहिली घागर भरायची रीत हाय न्हवं? पहिली भरली की मागचीला कोण अडवतंय?

माया पातळ करू नको.

तुझी आक्का


केज, १२ ऑगस्ट

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

तुझी घागरीची ओळ वाचली. असलं काही करू नको, पाया पडतो. सुंदरराव तोंडावर हसतात आणि मागाहून माणूस गावातून उठवतात. त्या दिवशी पोलीसही असतील. आतली गोष्ट कुणी फोडली म्हणून ते हुडकतील, आणि हुडकत माझ्या दारात येतील. भारतसाठी औषधाच्या पुड्या पाठवतोय, पाणी उकळून दे. रागावू नको, भावाचा जीव राख.

तुझा गहिनीनाथ


चिंचखोरी, १६ ऑगस्ट

चि. गहिनीनाथास अ. उ. आ.

केसरबाई लेकीकडं केजला निघालीय, तिच्या पदराला बांधून हे पाठवते.

काल नारळ फुटला. मी ओवाळलं अन् घागर पुढं केली. पाहुण्यांनी हौसेनं पोहरा ओढून भरून दिली. माझ्या मागं गीताबाई, तिच्यामागं साखराबाई, मग सगळं गाव. चारी बाजूंनी पोहरे पडले. फोटोवाला म्हणला झकास, अजून या! पाहुणे टाळ्या वाजवत व्हते अन् सुंदरराव घामानं निथळत व्हते. भाषण संपायच्या आत पोहऱ्यात गाळ आला. लई हसले मी. भारत पोटभर चांगलं पाणी प्याला.

आता भ्या वाटतंय, गहिन्या. आज सकाळी सोसायटीच्या माणसांनी वाहेदभाईला बाजारातून उचलून गुदामात कोंडलं. केजहून त्योच येतो-जातो, त्यानंच गोष्ट पोचवली म्हणतात. मुसलमानाला देशाचा सण कसा गोड लागंल, झेंड्याचा अपमान त्यानंच करवला, असं बोलायलेत. त्याची बायको बीबीजान गुदामाच्या दारात बसलीय अन् आतून मारल्याचा आवाज येतोय. घागरीचं डोकं माझं व्हतं, हे मी सांगायला गेलते. बाईमाणसाला काय कळतं म्हणून हाकलून दिलं. तुझं नाव ओठावर आलतं, गिळलं. तू भाऊ हायस माझा. पण त्योबी कुणाचा तरी हाय. काय करू ते कळव.

तुझी आक्का


केज, १७ ऑगस्ट

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

केसरबाई पोचली. पत्र वाचलं. दोनदा एसटी स्टँडवर गेलो आणि दोनदा परत आलो, तुझ्यापासून कशाला लपवू. भित्रा तो भित्राच.

म्हणून हे पत्र मुद्दाम टपालात टाकतोय. टपालाची पिशवी आज संध्याकाळच्या गाडीनं निघेल, मी उद्या सकाळच्या. तुझ्याआधी ते सोसायटीत फुटेल, म्हणजे मला वाटेतून माघारी फिरता येणार नाही.

तर हे फोडणाऱ्यास: पाण्याची गोष्ट मी, सोसायटीचा कारकून गहिनीनाथ, बहिणीला लिहून कळवली. वाहेदला वाचता येत नाही. आपण काय नेतोय हे त्याला माहीत नव्हतं. त्याला सोडा. आधी सोडा, मग पुढचं वाचा.

आक्का, राखी टपालानं पाठवू नको, हात घेऊनच येतोय. स्टँडवर मला घ्यायला येऊ नको. बीबीजानजवळ बस. लोभ होता, आहे.

तुझा गहिनीनाथ