पट्ट्याची जीभ

उस्ताद, मागच्या आठवड्यात पोलीस मुख्यालयाच्या स्टोअरला कमरेला पिस्तूल अडकवायचे नवीन होल्स्टर आले. काळे, टणक, पावसात फुगत नाहीत आणि पॉलिश मागत नाहीत, त्यामुळे तुम्हाला ते मुळीच आवडले नसते. प्रत्येकाबरोबर एक जोडपट्टी आली आहे. ती पट्टा आणि होल्स्टर यांच्या मध्ये बसते. तिचे स्क्रू सैल केले की होल्स्टर वर-खाली घेता येतो, पुढे-मागे तिरका करता येतो, अंगापासून थोडा लांबही धरता येतो. इंग्रजीत तिला माउंट म्हणतात. स्टोअरच्या हवालदाराने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'मध्यस्थ' ठेवलं, कारण ती दोन्हीकडचं जमवून देते, आणि आता सगळं ग्राउंड तिला मध्यस्थच म्हणतं. मीही हसले, आणि मग मला तुमची जीभ आठवली. तोंडातली नव्हे, तीही विसरण्यासारखी नव्हती म्हणा, पण तुम्ही मला करून दिलेली चामड्याची. तिच्याबद्दल तुम्हाला सांगण्यासारखं काही घडलं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आताच्या रिक्रूट मुलींनी तुमचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही, तरी सांगते.

चांदमारीवरची, गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावरची ती सकाळ आहे. डोंगराच्या पायथ्याला वारा सुटलाय, समोर निशाणं लावलीत आणि आम्ही मुली रांगेत उभ्या आहोत. तुम्ही, आम्हाला शिकवणारे उस्ताद, माझ्या मागे. मला जलद कृती पथकात जायचं होतं, दंगल असो की दरोडा, जिथे सगळ्यांच्या आधी पळायचं तिथे जाणारं पथक. होल्स्टरमधून पिस्तूल झटकन काढून नेम लावण्याची परीक्षा पास झाली तर पथक, नाही तर साहेबांच्या टेबलावरचं टपाल दुसऱ्या टेबलावर न्यायचं. माझा नेम चांगला होता. पिस्तूल हातात आलं की मी चुकत नसे, पण ते हातात येतच नव्हतं. पुरुषाच्या कमरेवर होल्स्टर सरळ लोंबतो. बाईचं अंग पट्ट्याखाली रुंद होतं, म्हणून होल्स्टरचं खालचं टोक बाहेर ढकललं जातं आणि वरची मूठ बरगडीत घुसते. पिस्तूल बाहेर निघेपर्यंत हात काखेत जातो आणि कोपर आभाळात. हे सगळं मी आता शिकवताना सांगते. तेव्हा मला एवढंच कळत होतं की दुखतंय, आणि तुम्हाला एवढंच दिसत होतं की कोपर वर जातंय.

"कोपर खाली घे. पाखरं हाकलायला उबी हायेस का?" तुम्ही म्हणालात. मी पुन्हा हात घातला, पुन्हा डावीकडे वाकले, पुन्हा कोपर वर. तुम्ही समोर आलात, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि अगदी हळू आवाजात म्हणालात, "पिस्तूल जमा कर. पट्टा काढ." तुमच्या ओरडण्याला आम्ही सरावलो होतो. हळू आवाजाला नाही. पोलिसात पट्टा काढणं म्हणजे काय, हे रिक्रूटला वर्दी मिळायच्या आधीच कळलेलं असतं. अमक्याचा पट्टा निघाला म्हणजे अमका घरी बसला. मी पट्टा काढून तुमच्या हातात दिला, सॅल्यूट केला आणि बराकीत जाऊन ट्रंक भरायला घेतली. रडले नाही. रागच इतका आला होता की रडायला जागा नव्हती. कोपरगावजवळच्या आमच्या गावी शेजाऱ्यांकडे फोन करून आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, माझा पट्टा निघाला. आईने नुसता फोन ठेवला. ती तशीच एसटीला जाऊन बसली हे मला नंतर कळलं.

दुपारी एक रिक्रूट धावत आली, म्हणाली, उस्तादांनी बोलावलंय, लवकर चल, बघण्यासारखं आहे. ग्राउंडच्या कडेला निंबाखाली तुम्ही उभे. अंगात बनियन, खाली खाकी पँट, आणि कमरेला माझा पट्टा, शेवटच्या भोकात कसाबसा अडकवलेला. पट्ट्याखाली दोन्ही बाजूंना जाडजूड टॉवेल कोंबलेले, त्यामुळे ज्यांच्या ताठ चालीला सगळं मुख्यालय घाबरायचं ते तुम्ही बाळंतिणीसारखे दिसत होतात. बाकीचे उस्ताद तोंड फिरवून हसत होते. तुम्ही रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालत होतात आणि काढत होतात. घालत होतात आणि काढत होतात. दर वेळी मूठ बरगडीत अडकायची, तुम्ही डावीकडे वाकायचात आणि तुमचं कोपर, उस्ताद, तुमचं कोपर आभाळात जायचं. मी हसले नाही. कोणीतरी पहिल्यांदाच माझं दुखणं स्वतःच्या अंगावर घालून बघत होतं.

नेमकी तेव्हाच फाटकातून माझी आई आली. पदर खोचलेला, हातात पिशवी, पायात धूळ. तिने तुम्हाला पाहिलं, मग तुमच्या कमरेचा पट्टा पाहिला, मग मला, बिनपट्ट्याची. ती सरळ तुमच्या पायाशी वाकायला लागली. "सायेब, पोरगी चुकली आसंल, पन तिचा पट्टा नका काढू. म्या गावात कोन्या तोंडानं जाऊ?" तुम्ही दोन पावलं मागे सरलात. टॉवेल कोंबलेल्या अवस्थेत मागे सरणं तुम्हाला जमत नव्हतं. "मावशी, उठा आदी. पट्टा म्या मला घालायला मागितला हुता. नोकरी कुटं न्हाई जात तिची." आईला काही कळेना. मग तुम्ही माझ्याकडे न बघता तिलाच म्हणालात, "चूक पोरीची न्हाई, मावशी. सामानच गड्याच्या मापाचं हाय. आमी आपलं लई दिस ह्यांच्यावरच वरडत बसलो." आईने यावर बराच विचार केला आणि विचारलं, "मग टावेल कशापायी खोचलेत?" तुम्ही एक टॉवेल ओढून काढलात आणि त्याने तोंड पुसलंत. मग माझा पट्टा सोडून तुम्ही आईच्या हातात दिलात आणि आईने तो मला बांधला, शाळेत जाताना रिबीन बांधायची तितक्याच घट्ट.

जीभ त्यानंतर आली. जाड, काळपट चामड्याचा वीतभर तुकडा. वरच्या टोकाला पट्टा ओवायला जागा, खाली भोकांची रांग, आणि होल्स्टर अडकवायला पितळी स्क्रू. भोकं तुम्ही स्वतः पाडली होती, काही थोडी वाकडीही गेली होती. मला उभं करून तुम्ही होल्स्टर एका भोकात लावलात, काढलात, दुसऱ्यात लावलात. मूठ बरगडीतून निघाली आणि माझ्या हाताच्या पंजाशी आली. "बसलं का?" "बसलं, उस्ताद." "कोपर?" मी पिस्तूल काढलं. कोपर जागेवर होतं. तुम्ही पितळी स्क्रू इतका आवळलात की तो पुन्हा फिरेल असं वाटेना. रांगेत त्याच्या खाली आणखी भोकं रिकामी होती. मी विचारलं, ही खालची कशाला? तुम्ही म्हणालात, "आसू दे." एवढंच. मी परीक्षा पास झाले, पथकात गेले, आणि पुढे तिथेच माझं नाव झालं, चांगलं आणि वाईट दोन्ही.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात आणि लवकरच गेलात. नेवाशाला प्रवरेच्या काठी तुमच्या दहाव्याला आम्ही वर्दीवरच आलो होतो, कारण बंदोबस्तावरून परस्पर निघालो होतो. तुमच्या घरच्या काकूंनी माझ्या कमरेकडे पाहिलं आणि हात पुढे करून जिभेवरून बोट फिरवलं. "हा तर त्यांचा पैला पट्टा," त्या म्हणाल्या. "भरती झाले तवाचा. म्या कवापास्नं हुडकीत हुते. फोटोम्होरं ठिवायचा हुता." मला माहीतच नव्हतं तुम्ही स्वतःचा पट्टा कापलात ते. मी तिथल्या तिथे स्क्रू सोडायला हात घातला, तर काकूंनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. फोटोला कंबर कुटं हाय? तुज्या कमरंला हाय तर हिंडल तरी." त्या दिवशी मी घाटावर कोणाची पर्वा न करता रडले. त्यानंतर तो स्क्रू मी कधी हलवला नाही. होल्स्टर झिजले, बदलले, पट्टे बदलले, पण जीभ तीच आणि भोकही तेच, तुम्ही लावलेलं.

अंग मात्र तेच राहिलं नाही. बाळंतपण झालं, वय झालं, कंबर वाढली. मूठ पुन्हा बरगडीला लागायला लागली आणि मी पुन्हा डावीकडे झुकायला लागले, न कळत, दिवसभर. आता मी मुलींना ग्राउंडवर शिकवते. हो, मीही उस्ताद झाले. या शब्दाला बाईचं रूप कोणी दिलेलं नाही, म्हणून मुली आधी उस्ताद मॅडम म्हणायच्या, आता नुसतं उस्ताद म्हणतात. गेल्या वर्षी पाठ इतकी धरली की सकाळी बूट घालायला खाली वाकता येईना. डॉक्टरांनी मला चालायला लावलं, मागून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही उजव्या बाजूला काय बांधता? मग म्हणाले, ते तरी सोडा, नाही तर मैदान सोडा. साहेबांनी कागद पाहिला आणि चांगुलपणानेच सांगितलं, बाई, खूप झालं, आता ऑफिसला बसा. म्हणजे फिरून टपालावरच. बरगडी दुखते हे मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर प्रत्येकाने म्हटलं असतं, भोक बदल. मला तेच नको होतं. तुमच्या हाताने आवळलेला तो एकच स्क्रू माझ्याकडे उरला होता. मी साहेबांकडून थोडी मुदत मागून घेतली.

आणि मग हा मध्यस्थ आला. नियम असा की नवीन सामान घेतलं की जुनं काही पट्ट्यावर ठेवायचं नाही. रविवारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर मी पट्टा पसरला. एकीकडे कुकर लागलेला. पितळी स्क्रू काही केल्या फिरेना, शेवटी खोबरेल तेल सोडून ठेवलं, पोळ्या लाटल्या आणि मग तो फिरला. जीभ सुटली. मी नवीन जोडपट्टी घेतली आणि पहिलं काम काय केलं असेल, तर जीभ शेजारी ठेवून तिच्याच उंचीला नवीन स्क्रू लावले. पट्टा बांधला. मूठ बरगडीत. मी स्वतःवर इतकी चिडले की कुकरची शिट्टीही ऐकू आली नाही. एवढं सामान आलंय ते हलवायला, आणि बाई त्यालाही खिळा ठोकून बसली.

मग जिभेकडे नीट पाहिलं. माझ्या भोकाची कड ताणून लांबट झाली होती, काळी पडली होती. खालची भोकं गोल होती, स्वच्छ, तुम्ही पाडलीत तशीच. मी बोटाने मोजमाप घेतलं आणि जोडपट्टी त्यांतल्या एका भोकाच्या उंचीला उतरवली, थोडी पुढे तिरकी केली, अंगापासून किंचित लांब. पट्टा बांधला आणि ओट्यापाशी उभी राहिले. दोन्ही पायांवर सारखा भार होता. किती वर्षांनी, ते मला सांगताही येत नाही. तशीच उभी राहिले, पोळ्या गार झाल्या तरी.

सोमवारी ग्राउंडवर साहेब लांबून बघत होते. मी सगळी परेड उभ्याने घेतली, डावीकडे न झुकता पिस्तूल काढून दाखवलं, पाठ बोलली नाही. ऑफिसचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. नंतर राजूरकडची एक रिक्रूट पुढे आली. बुटकी, आडव्या अंगाची, हाताला वेगवान. तिचं पिस्तूल अडकत होतं, कोपर वर जात होतं, आणि तरी ती अभिमानाने म्हणाली, "उस्ताद, म्या बराबर तुमच्यावानी लावलंय. येक सूत न्हाई हललं." मी तिचे स्क्रू सैल केले. सगळ्या मुलींना जवळ बोलावलं आणि सांगितलं, माझं बघून लावायचं नाही. ज्यांनी मला शिकवलं ते उस्ताद म्हणायचे, अंग बदललं की भोक बदलायचं, पट्टा माणसासाठी असतो. मुलींनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत ते वाक्य बराकीत पोहोचलं होतं. एकीने तर दुसरीला दटावताना ऐकलं, मोठे उस्ताद म्हणायचे, भोक बदल.

जीभ मी काकूंकडे पोचवणार आहे, फोटोपुढे ठेवायला. हे पत्र मात्र कुठे पाठवायचं नाही. पाठवणार तरी कुठल्या पत्त्यावर? तुमच्या कानावर घालायचं होतं ते इतकंच, की तुम्ही असं काही कधी म्हणाला नव्हतात. तुम्ही फक्त "आसू दे" म्हणाला होतात. पण मला ते भोक सोडायला तुमचा हुकूम हवा होता, उस्ताद, म्हणून तो मीच देऊन टाकला.