नाइस आणि लव्हली

सोलापूर,
१८ जानेवारी २०२५

प्रिय राजश्री,

वळसंगला माहेरी तुझं बाळंतपण सुखरूप झालं, बरं वाटलं. मुलगी तुझ्यावर गेलीय म्हणे. गेली असणारच, तुला सगळं मनासारखं मिळतं. डिंकाचे लाडू खा, कानाला फडकं बांध.

इकडे अक्कलकोट रोडवरचे खड्डे तसेच आहेत. फोनच करणार होते, पण माझ्या आवाजावरून तू ओळखलं असतंस. म्हणून हा कागद.

आपले टॉवेल घेणाऱ्या परदेशातल्या बाईंचं उत्तर आलं. टॉवेलच्या किनारीसाठी आपली दोन्ही डिझाइनं पाठवली होती ना, माझे मोर आणि तुझी ज्वारीची कणसं? मोरांपुढे त्यांनी लिहिलं होतं 'नाइस'. कणसांपुढे 'लव्हली'.

प्रभुशेठनी मला अर्थ विचारला. मी म्हटलं, दोन्हीचा अर्थ छानच. खोटं कुठे होतं त्यात? शेठ खूश. "मग तुमचंच चढवू की मागावर. तुमी जुन्या." मी मान हलवली.

पण बाईंची उत्तरं इतकी वर्षं मीच वाचते. पाहुण्यानं भाजी ताटात तशीच ठेवून 'छान झालीय हं' म्हणावं, तसं त्यांचं नाइस. त्याची ऑर्डर कधीच येत नाही. लव्हलीची येते. मला शेवटचं लव्हली कधी मिळालं, ते विचारू नकोस.

जळले गं मी. ग्राफच्या कागदावर चौकोन कसे भरायचे ते मी शिकवलं तुला, आणि तू दोन वर्षांत माझ्या पुढे! रात्रभर तुझा राग राग केला. बाळंतिणीचा राग करते म्हणून स्वतःचाही आला, पण तुझा कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुझा कागद घेऊन चुका शोधत बसले. एका कणसाचं पान जरा आखूड आहे. बाकी काही सापडेना. माझे मोर त्यापुढे नुसतेच नीटनेटके दिसायला लागले. मग उठले आणि शेठना सांगितलं, नाइस म्हणजे नको.

"आन् काल का न्हाय सांगितलं?"

मी तुझा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

तुझी कणसं मागावर चढली. ऑर्डरही आली. आपल्याकडे नव्या डिझाइनचा पहिला टॉवेल विकत नाहीत, काढणारीच्या घरी जातो. शिलाईवरच्या तानाबाई कोपऱ्यात लाल धाग्याचा टाका घालून देतात. तुझा पहिलाच, तो सोबत पाठवतेय. एकदा धुऊन घे, मऊ होईल, मग लेकीला त्यात गुंडाळ.

या वेळी टाका मी घातलाय. तानाबाईंच्या हातून सुई काढून घेतली. थोडा वाकडा गेलाय, पण उसवू नकोस.

लेकीला गोड पापा. कामावर लवकर ये, असं मात्र आज म्हणवत नाही.

तुझीच, अजून थोडी जळणारी,
उत्कर्षाताई