करमाफीची गाडी

आण्णा, मागच्या महिन्यात मी गाडी घेतली. विजेवर चालणारी. तिला क्लच नाही, गिअर नाही, डाव्या पायाला काही कामच नाही. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा तुम्हाला हे सांगून आता काय होणार, ते मलाही कळतं. तरी सांगतेय, कारण राग गेलेला नाही. मला वाटलं होतं, माझ्या नावाची, माझ्या हातातली गाडी दारात उभी राहिली की जाईल. उलट वाढलाय. इतकी वर्षं तो कुठे दबून बसला होता कोण जाणे. चावी हातात आली तसा वर आला.

गाडीची गरज पडली ती खांद्यामुळे. अंबडच्या कारखान्यात मशीनवरून उतरलेले पार्ट मोजून पास करायचं माझं काम, आणि पंचवटीतून तिथवर रोज ती मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. डॉक्टर म्हणाले, आता स्कूटर बंद करा, नाहीतर खांदाही पायासारखा होईल. म्हणून शोरूमला गेले. तिथे एक तिशीतली मुलगी होती, चुणचुणीत. मी आत शिरले तेव्हाच तिने माझ्या डाव्या पायाला बांधलेलं लोखंडी कॅलिपर पाहिलं होतं, पण बोलली आधी बॅटरीबद्दल, चार्जिंगबद्दल. मग सवलतींचा कागद काढला. जीएसटी कमी आहे म्हणाली. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळायची, ती आता नवीन कर्जाला नाही, तेही प्रामाणिकपणे सांगितलं. आणि म्हणाली, "रोड टॅक्स माफ आहे मॅडम."

मी तो कागद तिच्याकडे परत सरकवला, आण्णा. मी म्हटलं, "मी दाखला आणलेला नाही. मला तसल्या सवलतीत गाडी घ्यायची नाही."

ती गोंधळली. "कसला दाखला?"

"अपंगत्वाचा."

"नाही नाही मॅडम, त्याचा काही संबंध नाही. इलेक्ट्रिक आहे म्हणून माफ. सगळ्यांनाच."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे कुणीही घेतली तरी."

मी तिला ते तीनदा बोलायला लावलं. तिला वाटलं असेल, बाईला ऐकू कमी येतं. तिला काय सांगू, की कर माफ झालेली एक गाडी या बाईच्या नावावर आधीही होती.

मी वीस वर्षांची आहे. तुम्ही स्वयंपाकघरात येता, आई भाकरी थापतेय, आणि पाटावर बसता बसता तुम्ही म्हणता, "पोरीच्या नावाने गाडी घेतोय. नवी कोरी." आईचा हात परातीतच थांबतो. मी तुमच्याकडे बघत राहते. पंचवटीत तुमची मोटार ड्रायव्हिंग स्कूल, अर्ध्या नाशिकला गाडी शिकवलेली, आणि आता तुम्ही मला गाडी घेणार. मी त्या क्षणी काय काय मनात आणलं, ते आजही कुणाला सांगायची लाज वाटते. आरटीओत जायच्या दिवशी मी नवा पंजाबी ड्रेस घातला होता, पायघोळ. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "हा नको. आखूड काहीतरी घाल. कॅलिपर दिसू दे."

तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी ड्रेस बदलून आले. पेठ रोडला आरटीओच्या अधिकाऱ्यासमोर तुम्ही मला इकडून तिकडे चालवलंत, त्याने सांगितलंही नव्हतं. बिचारा अवघडून म्हणाला, "बसू द्या हो त्यांना." गाडीत स्टिअरिंगजवळ हाताने दाबायचा क्लच बसवून घेतला होतात. लोखंडी दांडा, त्याला काळी मूठ. अधिकाऱ्याने विचारलं, "गाडी कोण चालवणार?" तुम्ही छाती काढून म्हणालात, "हीच. सगळं हाताचं करून घेतलंय, साहेब." मी ती मूठ दाबून दाखवली. हाताला बरोबर बसत होती. अपंगाच्या नावावर गाडी घेतली की सरकार कर सोडतं, हे मला माहीत होतं, आणि त्यात मला वाईट वाटलं नव्हतं. पायाने एवढं नेलं, त्या बदल्यात पहिल्यांदा काहीतरी देतोय, असं वाटलं होतं.

आठ दिवसांनी गॅरेजमधून गाडी परत आली तेव्हा तो दांडा नव्हता. त्याच्या जागी शेजारच्या सीटपुढे पायाशी तुमच्यासाठी जादा क्लच आणि ब्रेक बसवले होते, शिकवणाऱ्याला लागतात तसे. मी विचारलं, "दांडा कुठंय?" तुम्ही टायर बघत होतात. न बघताच म्हणालात, "काढला. मधे मधे येत होता."

मधे मधे येत होता. आण्णा, हे वाक्य मी कारखान्यात पार्ट मोजताना, भाजी निवडताना, कुठेही ऐकते.

आणि त्याहून पुढचं. बायकांची बॅच सुरू केलीत. घरची माणसं बाईला एकटीला परक्या पुरुषाबरोबर पाठवायची नाहीत, म्हणून सोबतीला गाडीत बाईमाणूस हवं. ते बाईमाणूस मी. आधी कॉलेज सुटलं की, मग कॉलेज संपल्यावरही, सहा वर्षं मी माझ्याच गाडीत मागच्या सीटवर बसून गंगापूर रोडने, म्हसरूळकडे, मखमलाबादच्या मळ्यांमधून हिंडले. पुढे नवनव्या बायका बसायच्या. गाडी आचके द्यायची, मधेच बंद पडायची, एकीने तर सरळ द्राक्षाच्या बागेत घातली. तुमचा आवाज कधी चढला नाही. "घाबरायचं नाही ताई. क्लच हळू सोडा. आधी आरसा. हां, आता जमलं." एकेकीला तेच वाक्य चाळीस वेळा. तुम्ही गेलात तेव्हा अमरधामात जो तो हेच म्हणत होता, काय धीराचा माणूस, काय शांतपणे शिकवायचे. मी ऐकून घेतलं. सगळ्या नाशिकला तुमचा धीर मिळाला. मीच तेवढी उरले.

त्या बायकांमध्ये सिव्हिलमधली एक नर्स होती, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. दिंडोरी नाक्याच्या पुढे ती गाडी चालवत असताना तपासणीसाठी आपल्याला थांबवलं, आठवतं? इन्स्पेक्टरने गाडीचं आरसी पुस्तक उघडलं, त्यावर अपंग मालकाची गाडी असा शिक्का. त्याने जादा ब्रेक पाहिले, चाकावरची बाई पाहिली. "म्हणजे करमाफीच्या गाडीवर धंदा चाललाय होय?" तुम्ही वरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलंत. माझा बाप, जो कुणाला घाबरायचा नाही, तो आरशातून माझ्याकडे असा बघत होता, की मी दार उघडलं, कॅलिपर आधी बाहेर काढलं आणि उभी राहिले. म्हणाले, "गाडी माझी आहे, साहेब. मीच चालवते. ही माझी मैत्रीण आहे, आण्णा तिला हौसेने शिकवतायत. ब्रेक माझ्यासाठीच आहेत, मी शिकत होते ना." त्याने माझ्या पायाकडे पाहिलं आणि पुस्तक मिटून परत दिलं. परत येताना तुम्ही निमाणीवर गाडी थांबवून मला जिलबी घेऊन दिलीत. पाव किलो.

त्या संध्याकाळी मी तुमच्याशी बोलले. आई समोर होती. म्हटलं, "आण्णा, तो दांडा परत बसवा ना. मला शिकवा. मी मागे बसून सगळं शिकलेय, फक्त हात बसवायचाय."

तुम्ही जेवत होतात. म्हणालात, "कशाला? जायचंय कुठं तुला?"

"कुठंही."

"लोकं हसतील. माझ्या स्कूलच्या गाडीत लंगडी पोरगी चाकावर दिसली, तर उद्या कोण आपल्या बायका पाठवेल माझ्याकडं?"

आणि आईला म्हणालात, "आमटी वाढ."

मी तेव्हा रडले नाही, भांडलेही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसले. चार वर्षांनी गाडी विकलीत, तेव्हा पुन्हा पेठ रोडला जाऊन सही केली. तुम्ही बोट ठेवलंत तिथे केली. याचा राग तुमच्यावर आहे की माझ्यावर, हे मला अजून नीट वेगळं करता येत नाही.

परवा कुणीतरी म्हणालं, पेट्रोलच्याही बिनक्लचच्या गाड्या कधीच्या मिळतात, तू आधी का नाही घेतलीस? खरंच मिळत होत्या. मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये रोज बघत होते. पण 'लोकं हसतील' हे एकदा कानात गेलं, की बाजारात काय मिळतं ते दिसत असूनही दिसत नाही. मला बाहेर काढलं त्या नर्सनेच. आता निवृत्त झालीय, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते. खांद्याला शेक द्यायला आली होती. स्कूटरचं ऐकून म्हणाली, "तू अजून गाडी चालवत नाहीस? अगं, मागे बसून तू मला हळूच सांगायचीस, आता दुसरा, आता तिसरा. तुझ्यामुळे पास झाले मी." तिच्याकडे बिनक्लचची छोटी गाडी आहे. म्हसरूळच्या मोकळ्या रस्त्यावर तिने मला बसवलं. पहिल्याच दिवशी मी गाडी वळवून, मागे घेऊन, दोन झाडांच्या मधे नीट लावून दाखवली. ती हसायला लागली, आणि मला इतका राग आला की स्टिअरिंगवर मूठ आपटली. एवढंच होतं? हे एवढंच? बत्तीस वर्षं? डॉक्टरांचा दाखला झाला, आरटीओची परीक्षा झाली, पहिल्या फटक्यात पास. तपासणारा साहेब म्हणाला, "आधी चालवत होता वाटतं?"

गाडी घरी आणली तेव्हा आईला हात धरून पुढे बसवलं. ऐंशीची झालीय, पण कान शाबूत आहेत. गल्लीभर ऐकून आली होती. म्हणाली, "हिचा टॅक्स माफ झाला म्हणे. तुझ्या पायामुळं ना गं?"

"नाही आई. गाडीमुळे. सगळ्यांनाच माफ आहे."

"सगळ्यांनाच?" तिने पदराने समोरची काच पुसली. मग म्हणाली, "बरं झालं मग." आणि थोड्या वेळाने, मी विचारलं नसताना, "तुझे आण्णा मला म्हणले होते. पोरगी चाकावर बसली आणि काही झालं, तर मला बघवायचं नाय. लोकांचं ते असंच, तुला गप करायला बोलले."

आईला वाटलं, हे ऐकून मी निवेन. आण्णा, मी गाडीतून उतरले आणि दार धाडकन लावलं. बघवलं नसतं? मग डोळे मिटायचे होते. परक्या बायका द्राक्षाच्या बागेत घुसल्या ते बघवलं. साहेबासमोर मला जनावरासारखं चालवून दाखवलंत ते बघवलं. इन्स्पेक्टरसमोर मी खोटं बोलत उभी होते ते बघवलं. माझा पाय सरकारला दाखवायला चालत होता, फक्त गाडीत चालत नव्हता. आणि भीतीच होती तर भीती म्हणून सांगायची होती. 'मला भीती वाटते पोरी' एवढं म्हणाला असतात, तर मी थांबले असते, किंवा तुम्हाला शेजारी बसवून तुमची भीती घालवली असती. तुम्ही त्याऐवजी मला लाज दिलीत. भीती तुमची होती, लाज मला दिलीत, आणि मी ती बत्तीस वर्षं वापरली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. पाकीटही आणलेलं नाही. कारखान्यातल्या जुन्या रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय, लिहून झालं की रद्दीत जाईल. तुमच्या फोटोपुढे वाचून दाखवणार नाही, तेवढा मान मी आता देणार नाही.

फक्त एक राहिलं. गेल्या रविवारी पहिल्यांदा एकटी निघाले. काम काहीच नव्हतं. नांदूर नाका, चांदोरी, निफाड करत विंचूरपर्यंत गेले. कांद्याचे ट्रॅक्टर एकामागे एक, ओव्हरटेक करायला छाती लागते, पण केले. विंचूरला एका रसवंतीपुढे गाडी सावलीत लावली, एका झटक्यात, सरळ. आणि खोटं कशाला बोलू, शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून मी मोठ्याने विचारलं, "आण्णा, जमलं का?"

विचारून झाल्यावर माझाच मला राग आला. रस न पिताच परत फिरले.