धाकटीच्या वाट्याचा चेहरा

मी, चित्रकलेची निवृत्त शिक्षिका, वय वर्षे एकाहत्तर, विद्यार्थ्यांत ‘पैलूबाई’ म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही न ऐकता (ती सवय मला कधीच नव्हती) माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक भाचीला. तिने भिंतींना गुलाबी रंग देऊ नये.

२. टू-एचपासून सिक्स-बीपर्यंतच्या पेन्सिली आणि पैलू पाडलेले प्लास्टरचे डोके माझ्या शाळेला. चेहरा आधी सपाट तुकड्यांत मांडावा: कपाळाचे तीन, नाकाचे चार. कोणत्या तुकड्यावर उजेड पडतो ते ठरवावे, मगच छटा भरावी. बोटाने पेन्सिल फासणाऱ्यास या डोक्याला हात लावू देऊ नये.

३. ते बोट माझ्या धाकट्या बहिणीचे, हे सर्वांना ठाऊक आहे. ती पैलू मोजतच नाही. एकदा आम्ही दोघींनी आईला समोर बसवून तिचे चित्र काढले. माझे चित्र पाहून आई म्हणाली, “बांधकाम पक्कं आहे गं.” मग धाकटीचे पाहिले. “अगं बाई, ही तर मीच!” त्या दिवसापासून मी धाकटीवर जळते. याला कायद्यात दुसरा शब्द असल्यास वकिलांनी घालावा. मी काढलेले आईचे चित्र धाकटीला. तिने ते दर्शनी भिंतीवरच लावावे.

४. तिने मला तीनदा समोर बसायला सांगितले. मी तिन्ही वेळा नाही म्हटले, कारण ते चित्र हुबेहूब आले असते आणि मला ते सोसले नसते. आता माझा चेहरा तिला देते. मी गेल्यावर तिने तो सावकाश काढून घ्यावा. तोवर मला उचलण्याची कोणी घाई करू नये.

दुरुस्ती: आज धाकटी साक्षीदार म्हणून सही करायला आली. वकील म्हणाले, “तुम्हाला वाटा आहे, तुमची सही चालणार नाही.”

“ताई, मला काय ठेवलंयस?”

“तोंड,” मी म्हटले.

तिने कलम चार वाचले, डोळे पुसले आणि माझीच पेन्सिल उचलली. “मेल्यावर कसलं काढायचं? तेव्हा तू भांडणार नाहीस, मग तुझ्यासारखी दिसशील तरी का? बस तिथे. हलू नकोस.”

सबब कलम चार रद्द. माझी सही वाकडी आली आहे, कारण ती मला मान खाली घालू देत नाही.

सही: पैलूबाई

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी
२. फ्रेमवाले (दुकानाच्या काचेत कायम धाकटीचीच चित्रे लावणारे)

ठिकाण: माझी खिडकीजवळची खुर्ची
दिनांक: सात मार्च, सकाळी, उजेड डावीकडून