चाळीस गोळे धुतले

३ मार्च

आजपासून तळघर! वर कसं छान चाललं होतं — चीज दाबायचे पत्र्याचे साचे गरम पाण्यात घासायचे, पालथे घालायचे. तोंड दिसायचं त्यात. पण मुकादम म्हणाला, "वर साचे घासायचे, खाली बुरशी सांभाळायची. दोन्ही जमलं तर महिनाअखेर कायम. नाहीतर घरचा रस्ता धर."

बुरशी सांभाळायची म्हणे! फळ्यांवर ताटाएवढे चीजचे गोळे आणि प्रत्येकावर राखाडी लव. मेल्या उंदरासारखी. नाकाला रुमाल लावला.

४ मार्च

दोनदा आंघोळ केली. वास नखांत बसलाय.

९ मार्च

तळघरातला म्हातारा — जन्म इथेच काढला त्याने — रोज एकेक गोळा उलटतो, मऊ ब्रशने लव चेपतो. वर बोलतोही त्यांच्याशी! "काय राजे, झोप झाली?" मला म्हणतो, "नाक मुरडू नकोस रे, तू काय मुलगी बघायला आलायस?" आणि त्याच हातांनी पाव खाल्ला. न धुता! शी शी शी.

घरी फोन केला. ताई खिदळली, "पावावर ठिपका दिसला तर घर डोक्यावर घ्यायचास तू!" मग दादा. "तीन नोकऱ्या सोडल्यास. ही सोडलीस तर या घराची पायरी चढू नकोस." आई मागून काहीतरी म्हणत होती. ऐकू आलं नाही.

१७ मार्च

म्हातारा दुपारीच घरी गेला. दाराजवळच्या फळीवरची लव बोटभर वाढलेली, वर पिवळट ठिपके. मला राहवेना. साचे घासतो तसंच केलं — कढत पाणी, सोडा, काथ्याचा ब्रश. चाळीस गोळे लख्ख! पहिल्यांदा त्या खोलीत नीट श्वास घेतला.

१८ मार्च

म्हातारा फळीसमोर उभाच राहिला. एका गोळ्यावरून हात फिरवला. "ती लव म्हणजे चार महिन्यांची साल होती, बाळा. तीच चीजला राखते. आता सडणार सगळे." ओरडला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मुकादम. "कोणाचा हा उद्योग?"

मी हातातला ब्रश पाठीमागे लपवला. म्हातारा म्हणाला, "माझा. म्हातारचळ, दुसरं काय!"

"मग उद्यापासून घरी बसा."

मी तिथेच. दोन हातांच्या अंतरावर. गप्प.

२३ मार्च

कायम झालो, महिना संपायच्या आत. दादा म्हणाला, "वाघ आहेस!" फोन ठेवला आणि ओकलो.

सकाळी ते चाळीस गोळे मीच खड्ड्यात टाकले. तडकलेले, आतून काळे, चिकट. डोळ्यांतून पाणी काढणारी घाण. तरी बुरशीची नाही, माझी मलाच किळस येतेय. उद्या सांगून टाकणार. जाऊ दे नोकरी.

२४ मार्च

सांगितलं — मी धुतले, म्हाताऱ्याने नाही.

मुकादम हसला. "मला काय ठाऊक नव्हतं? म्हातारा गोळे उलटायचं नवं यंत्र बसवू देत नव्हता. आयताच सापडला! तुझ्यासारखा तोंड मिटून बसणाराच हवाय मला. जा, कामाला लाग."

मी "बरं साहेब" म्हणालो.