आबांशी कोण बोलतं

४ नोव्हेंबर, मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत गावी, वडिवळ्याला फोन. आबा खुशीत. "बीपीची गोळी घेतली बग. तू कॅमेऱ्यातनं आटवण केलीस म्हणून." मी कुठली आठवण केली? सकाळपासून मीटिंगमध्ये. त्यांच्या खोलीतल्या कॅमेऱ्यातून बोलता येतं खरं, पण ते बटण मी दिवाळीनंतर दाबलेलं नाही. लक्ष ठेवायला कॅमेरा लावला आणि लक्षच नाही, असली मी लेक.

६ नोव्हें., गुरु.
पुन्हा तेच. विचारलं, आवाज माझाच होता का?
"बाईमानसाचा व्हता. भाऊ म्हनली."
त्यांना भाऊ म्हणणारं आता गावात कोणी उरलेलं नाही. ॲप उघडलं, तर कॅमेरा खाटेकडून वळून दाराकडे बघत होता. ॲप फक्त माझ्या फोनमध्ये. मी वळवला नव्हता. घाबरले. वाय-फायमधून कुणी शिरलं असेल?

८ नोव्हें., शनि.
राउटरवाल्याला घेऊन गावी. जुना डबा काढून नवा लावला. म्हणे, "मॅडम, यात डब्ल्यूपीए-थ्री आहे, वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत. हवेतून पकडून पासवर्ड फोडणं आता सोपं नाही." पण आमचा कॅमेरा जुना, नव्या पद्धतीने जोडलाच जाईना. मग जुनं-नवं दोन्ही चालेल असं करून दिलं. म्हणजे पुढच्या दाराला नवं कुलूप, मागचं नुसतं कडीवर. मला परतायची घाई, हो म्हणाले.
आबांना विचारलं, वाय-फायचा जुना पासवर्ड कुणाकुणाला दिला होता?
"भात काढाय आलेली समदी वट्यावर बसत्यात. पानी देतो, तसा त्यो बी देतो."
चिडले. बोलू नये ते बोलले. नवा कुणालाही सांगायचा नाही, असं दरडावून निघाले.

११ नोव्हें., मंगळ.
आबा फोनवर, अगदी सहज: "ती इचारत व्हती, लेक रागानं गेली का?"
पुढे ऑफिसात काय काम केलं, आठवत नाही.

१५ नोव्हें., शनि.
नवा कॅमेरा, नवं खातं, पासवर्ड पुन्हा बदलला; अडीनडीला आबांना तेवढा सांगितला. आता फक्त नवी पद्धत, जुन्याला शिरकाव नाही. राउटरवाल्याला विचारलं, आता तरी सुरक्षित ना?
"राउटरच्या बाजूने, हो."
दुसरी कुठली बाजू, ते विचारायचा धीर झाला नाही. आबा खाटेवरून जुना कॅमेरा माझ्या पिशवीत जाताना बघत होते.

१८ नोव्हें., मंगळ.
शांत. आबा गोळी विसरले, काल आणि आजही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, चक्कर येऊन वट्यावरच बसले.
"ती बोलत न्हाई आता. तू काय केलंस?"
म्हटलं, मी बोलेन ना रोज.
"तू सांगतीस. ती इचारायची."
बाथरूममध्ये जाऊन रडले.

२० नोव्हें., गुरु.
सुट्टीत बोलायला ॲप उघडलं. मी बटण दाबायच्या आधीच आबा कॅमेऱ्यासमोर उभे. नवा पासवर्ड सांगत होते, एकेक अक्षर, समोरचं माणूस लिहून घेतंय असं थांबत थांबत. पासवर्ड तर मीच ठेवलेला, मला कशाला सांगतील? शेवटी थोडा वेळ ऐकल्यासारखे उभे राहिले. मग मान डोलावली.
"व्हय. बराबर."
फोनमधून मला दुसरा आवाज आला नाही. आबा हसले, ताटलीतली गोळी घेतली, वर पाणी प्यायले.
सगळं बंद करायचं बटण समोरच होतं. दाबलं नाही. उद्याच्या गोळीचं तीच विचारेल.